टूजी-थ्रीजी-फोरजी बदलताना तुमच्या घरात काय गोंधळ झाला? अनुभव लिहा

फोनला रेंज फुल्ल, व्हॉट्सॲप चालतंय, पण साधा कॉल लागत नाही, असं गेल्या काही वर्षांत किती घरांत झालं असेल. सप्टेंबर 2016 ला जिओ आलं तेच मुळात टूजी-थ्रीजीशिवाय, म्हणजे बोलणंसुद्धा फोरजीवरूनच, मग 2019-20 मध्ये एअरटेलने थ्रीजी गुंडाळलं, ऑक्टोबर 2022 ला फाईव्हजी सुरू झालं. दर वेळी मेसेज येतो तो 'अपग्रेड करा' एवढाच. माझ्या हातातल्या या फोनवरून उद्या कॉल लागणार का, हे त्यात कुठेच नसतं, आणि मला तेच फार खटकतं, कारण घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्या फोनचाच आधार असतो. तुमच्याकडे काय झालं, कसं निस्तरलं ते सविस्तर लिहा. आपल्या कंपनीचं नाव नको, अनुभव हवा.

कराडचा रिचार्जवाला

माझं मोबाईल रिपेअरिंग आणि रिचार्जचं दुकान आहे. थ्रीजी बंद झालं त्या दिवसांत लोक सारखे यायचे, दादा नेट एकदम स्लो झालंय, पॅक संपला का बघा. बघितलं की वरती 'ई' आलेला. म्हणजे फोन फोरजी पकडत नाही, थ्रीजी तर राहिलंच नाही, मग तो सरळ टूजीवर उतरलेला. बऱ्याच जणांचा फोन चांगला फोरजीचा असायचा, सिम तेवढं जुनं, कात्रीने कापून बारीक केलेलं, ते बदललं की काम झालं. काहींचं सिम नवीन पण टाकलंय दुसऱ्या स्लॉटमध्ये आणि तेव्हाच्या कितीतरी डबल सिम फोनला फोरजी एकाच स्लॉटला. आणि काहींचं सेटिंगमध्ये व्होल्टी, म्हणजे फोरजीवरूनच बोलायची सोय, बंद, त्यामुळे फोन आला की कॉल टूजीवर जाणार आणि बोलणं संपेपर्यंत नेट ठप्प. समोर बसणाऱ्या भाजीवाल्या मावशी म्हणायच्या, मी फोनवर बोलत असले की गिऱ्हाइकाचे पैसे आल्याचं दिसतच नाही, तो म्हणतो पाठवले आणि मी म्हणते आले नाहीत. एक बटण चालू करून दिलं, वाद मिटला. पण याच लोकांनी कस्टमर केअरला फोन केला तर तिकडून सांगायचे हँडसेट जुना झालाय, नवीन घ्या. दहा हजार काय झाडाला लागतात का? मी आधी सिम, मग स्लॉट, मग सेटिंग बघितल्याशिवाय कुणालाच नवीन फोन घ्या म्हणत नाही.

सांगोला, डाळिंबवाले

विहिरीवर मोबाईल ऑटो बसवलाय, मिस्ड कॉल दिला की मोटर चालू, परत दिला की बंद. थ्री फेज लाईट रात्रीची असते त्या आठवड्यात तर याचा लई उपयोग, विंचूकाट्याचं अंधारात रानात जायला लागत नाही. पॅक स्वस्त म्हणून घरातली सगळी सिमं दुसऱ्या कंपनीत पोर्ट केली त्यात ऑटोचं पण गेलं. तिकडं सगळं फोरजीच आणि ऑटोचं मशीन टूजीचं. कॉल लावला की बंद आहे सांगतं. वडील रात्री बॅटरी घेऊन गेले, पेटी उघडली, लाईट आलेली, फ्यूज शाबूत, मशीनवरचा नेटवर्कचा दिवा तेवढा मिचकावतोय. मेकॅनिक आला तो म्हणाला बोर्ड गेला असेल. पोर्ट करताना फॉर्म भरला, अंगठा घेतला, पण हे सिम कशात टाकणार एवढं विचारायचं कुणाला सुचलं नाही. अजून तसंच आहे, वडिलांचे गुडघे दुखतात तरी रात्री जावं लागतंय. कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा.

नाशिककर

फाईव्हजी आलं तेव्हा बाबांना फोन, तुमचं सिम अपग्रेड करतो, ओटीपी सांगा नाहीतर नंबर बंद होईल. त्यांनी मुलाला विचारून सांगतो म्हणून ठेवून दिला, नाहीतर खातं साफ झालं असतं. फोरजीच्या सिमवरच फाईव्हजी चालतं, सिम बदलायचीही गरज नव्हती, बऱ्याच फोनना फक्त अपडेट यावं लागलं, आयफोनला ते डिसेंबर 2022 मध्ये आलं. हे कुणी नीट सांगितलं नाही म्हणूनच चोरांचं फावलं.

मेलबर्नहून

ऑस्ट्रेलियात 28 ऑक्टोबर 2024 पासून थ्रीजी बंद व्हायला लागलं. सासूबाई पुण्याहून आल्या, त्यांचा फोन फोरजी, तिकडे मस्त चालायचा, इथलं सिम टाकलं तर थोड्याच दिवसांत ब्लॉक. इथे नियम असा की ज्या फोनवरून 000 हा इमर्जन्सी नंबर लागणार नाही तो कंपनीने नेटवर्कवर ठेवायचाच नाही, आणि काही फोरजी फोन बाकी कॉल नीट करतात पण इमर्जन्सीला मात्र थ्रीजीच शोधत बसतात. नियम मला पटतो, जिवाचा प्रश्न आहे. पण सासूबाईंना वाटलं आपल्याच हातून काहीतरी दाबलं गेलं, त्या फोनला हातच लावेनात, शेवटी मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. आईवडिलांना इकडे आणणार असाल तर त्यांचं मॉडेल इथे चालतं का ते तिकीट काढतानाच विचारून घ्या.

कराडचा रिचार्जवाला

सांगोल्याचे दादा, बोर्ड बदलू नका. परत पोर्ट करायला 90 दिवस थांबावं लागतं, त्यापेक्षा ज्या कंपनीचं टूजी तुमच्या रानात अजून आहे तिचं साधं नवीन सिम घ्या. आधी ते जुन्या कीपॅड फोनमध्ये टाकून विहिरीपाशीच कॉल लावून बघा, पिन लॉक असेल तर काढा, मग मशीनमध्ये टाका. घरच्यांचे नंबर परत रजिस्टर करावे लागतील, त्याचं पुस्तक मशीनबरोबर आलं असेल ते शोधा. फोरजीचे ऑटो पण मिळतात आता, पण आधी हे करून बघा आणि तोवर मेकॅनिकला पैसे देऊ नका.