गाठ काढली, आता जनुकीय चाचणी करावी का?

मधलीओळ (धागाकर्ता): वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर; फुप्फुसाचा एक लोब (भाग) काढला. गाठ 2.3 सेंटिमीटर, लिम्फ नोड्स स्वच्छ, म्हणजे स्टेज वन. डॉक्टर म्हणाले, केमो नको, सहा महिन्यांनी सीटी करू. जनुकीय चाचणीचं विचारलं तर म्हणे, "करून पुढे काय करणार?" मला हे पटलेलं नाही. एकाच स्टेजच्या दोघांपैकी एकाचा आजार परत येतो, दुसऱ्याचा येत नाही. स्लाइडवर दोघे सारखेच. ब्रिटनच्या ट्रेसरएक्स अभ्यासात (2017) रक्तात फिरणारा ट्यूमरचा डीएनए स्कॅनच्या साधारण 70 दिवस आधी सापडला होता. मग सरसकट का करू नये?

शंकासुर: त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही वाचा. ऑपरेशनआधी, गाठ आत असताना, अ‍ॅडेनोकार्सिनोमा या प्रकारच्या कॅन्सरच्या फक्त 19 टक्के रुग्णांच्या रक्तात हा डीएनए सापडला. (स्क्वॅमस या दुसऱ्या प्रकारात 97, ते वेगळं.) ज्या रक्तचाचणीला अख्खी गाठ दिसत नाही, तिच्या "काही उरलं नाही" वर भिस्त ठेवायची? आणि पॉझिटिव्ह आली तर देणार काय? ऑपरेशननंतर दिलेल्या सिस्प्लॅटिनवाल्या केमोच्या पाच औषध-चाचण्यांचं (रुग्णांवरच्या प्रयोगांचं) एकत्र विश्लेषण 2008 साली आलं. पाच वर्षांच्या जगण्यात एकूण 5.4 टक्क्यांची भर, पण वन-ए मध्ये (स्टेज वनचा सर्वात सुरुवातीचा टप्पा) कल उलट तोट्याकडे.

निळीशाई: असहमत. गाठीच्या ईजीएफआर जनुकात म्युटेशन (बदल) निघालं तर ओसिमर्टिनिब ही गोळी आहे ना! तिच्या अडौरा या औषध-चाचणीत पाच वर्षांनी 88 टक्के रुग्ण हयात होते, प्लासिबो (औषध नसलेली गोळी) गटात 78. जनुकीय चाचणीच केली नसती तर डॉक्टर ही गोळी कुणाला देणार होते?

शंकासुर: ते भाकीत नव्हे, औषधाची निवड. म्युटेशन आहे म्हणजे आजार परत येणार, असं जनुकीय चाचणी सांगत नाही. शिवाय अडौरा वन-बी पासून पुढच्यांसाठी होती. धागाकर्त्यांच्या वडिलांची गाठ 2.3, म्हणजे वन-ए.

निळीशाई: शब्दांचा कीस काढायला तुम्ही उत्तम. रुग्णाला "जनुकीय चाचणी" एवढंच ऐकू येतं, आणि एक नको म्हटलं की दुसरीही राहून जाते.

शंकासुर: हा मुद्दा मान्य.

ओसरी: मी स्वतः रुग्ण आहे, दोन वर्षं झाली. रक्ताची चाचणी केली, निगेटिव्ह आली. त्या कागदाने आठ दिवस झोप लागली. पुढच्या स्कॅनच्या आदल्या रात्री पुन्हा छताकडे बघत पडले होते, कारण निगेटिव्ह असली तरी स्कॅन काही टळत नाही. पॉझिटिव्ह आली असती आणि स्कॅन स्वच्छ, तर मधले महिने कसे काढले असते, हे कुणी आधी विचारलं नव्हतं.

मधलीओळ: ओसरीताई, वडिलांना हे वाचून दाखवलं. म्हणाले, "मला नको कळायला." मला अजूनही कळायला हवंय, पण फुप्फुस त्यांचं आहे. पॅथॉलॉजीतून मेणाचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मात्र मागून ठेवला. पुढेमागे उपचार निघाला, तर चाचणी त्यावरूनच होईल.