वजन 'भरलं', 'चुकलं' की 'जास्त भरलं'?

प्रश्न : मी एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी मिश्र लढत) आणि बॉक्सिंगवर मराठीत लिहितो. लढतीच्या आदल्या दिवशी खेळाडूंची वजनं घेतात, त्याचे निकाल द्यायचे असतात. 'मिस्ड वेट'साठी, म्हणजे वजन मर्यादेपेक्षा जास्त निघालं तर, काय लिहावं? 'वजन चुकलं' लिहिलं तर वाटतं, काटा धरणाऱ्याची चूक झाली. 'वजन भरलं नाही' चालेल का? आणि 'अपात्र' कधी लिहायचं?

उत्तर : 'वजन भरलं नाही' कृपया लिहू नका, अर्थ उलटा होतो. पोतं पन्नास किलो भरलं नाही म्हणजे माल कमी पडला, आणि इथे तर जास्त झालंय. मात्र हेच क्रियापद आकड्यासोबत आलं की चोख बसतं : 'त्याचं वजन १५५.५ पौंड भरलं, मर्यादेपेक्षा अर्धा पौंड जास्त.' यात आकडा, एकक आणि फरक तिन्ही आले, आणि चूक कोणाची हा प्रश्नच उरत नाही.

हा आकडा त्या वेळचा विजेता चार्ल्स ऑलिवेराचा आहे. मे २०२२ मध्ये फिनिक्सला जस्टिन गेथजीविरुद्ध यूएफसी या एमएमए संस्थेच्या लाइटवेट (१५५ पौंडांपर्यंतच्या) गटातल्या विजेतेपदाची लढत होती. ऑलिवेराला आणखी एक तास दिला, तरी वजन तेवढंच भरलं. साधी लढत असती तर एक पौंडाची सूट असते, १५६ पर्यंत चाललं असतं. विजेतेपदाच्या लढतीत सूट नाही. म्हणून नुसतं '१५५ ची मर्यादा' लिहून भागत नाही. लढत कशासाठी आहे तेही त्याच वाक्यात हवं.

आणि पौंडाचे किलो करताना पूर्णांक करू नका, ही माझी कळकळीची विनंती. १५५ पौंड म्हणजे ७०.३ किलो, १५५.५ म्हणजे ७०.५. पूर्णांक केले की एक ७० होतो, दुसरा ७१. सव्वादोनशे ग्रॅमचा फरक तुमच्या बातमीत अख्खा किलो होऊन बसतो, आणि वाचक त्या खेळाडूला बेफिकीर ठरवून मोकळा होतो. मूळ पौंड ठेवा, किलो दशांशात द्या.

प्रश्न : म्हणजे ऑलिवेरा अपात्र ठरला, असं लिहायचं ना?

उत्तर : नाही. लढत झाली, तो पहिल्याच फेरीत जिंकला. फक्त विजेतेपद त्याला मिळू शकत नव्हतं, ते रिकामं राहिलं. म्हणून 'विजेतेपदासाठी अपात्र' हे बरोबर, नुसतं 'अपात्र' हे चूक. 'विजेतेपद राखलं' तर त्याहून चूक.

विनेश फोगाटच्या वेळी याच शब्दाने घोळ केला. ७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये अंतिम कुस्तीच्या सकाळी तिचं वजन ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरलं. 'विनेश अपात्र' एवढंच वाचून कितीतरी जणांना वाटलं, उत्तेजकाचं काही प्रकरण असावं. आदल्या सकाळी ती वजनात बसली होती, दिवसभरात तीन कुस्त्या जिंकली होती, त्यांत जपानच्या ऑलिंपिक विजेत्या युई सुसाकीला हरवलं होतं. जागतिक कुस्ती संघटनेचा नियम असा की दोन्ही दिवशी सकाळी वजन द्यायचं, आणि कुठल्याही दिवशी जास्त भरलं तर स्पर्धेतूनच बाद, क्रमवारीत शेवटी. म्हणून मी लिहीन : 'दुसऱ्या दिवशीच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरल्याने विनेश स्पर्धेतून बाद.' शब्द चार वाढतात, पण एका मुलीच्या नावावर नसलेला डाग पडत नाही.

आणखी एक प्रतिसाद : 'वजनात बसणं' आमच्या तालमीतही म्हणतात. '७४ त बसतोय का रे?' असं वस्ताद विचारतात. पण 'वेट कट'ला, म्हणजे वजन देण्याआधी ते झटपट खाली आणण्याला, 'वजन कमी करणं' म्हणावं का?

उत्तर : 'वजनात बसला' बेलाशक लिहा, सगळ्यांना कळतं. फक्त व्यावसायिक बॉक्सिंगच्या हेवीवेटमध्ये लिहू नका, तिथे वरची मर्यादाच नसते.

'वेट कट'ला मी 'वजन उतरवणं' म्हणेन. 'कमी करणं' म्हटलं की दोन-तीन महिने भाकरी मोजून खाणारा माणूस दिसतो. पॅरिसलाच आपला पैलवान अमन सेहरावत उपांत्य कुस्ती हरला तेव्हा त्याचं वजन ६१.५ किलो झालं होतं आणि सकाळी ५७ त बसायचं होतं. रात्रभर मॅटवर, ट्रेडमिलवर, वाफेत घाम गाळून त्याने सुमारे दहा तासांत ४.६ किलो उतरवले, आणि पुढे कांस्यपदक घेतलं. यातलं बहुतेक पाणी असतं, चरबी नव्हे.

शेवटचा मुद्दा वेळेचा. यूएफसीमध्ये अधिकृत वजन सकाळी होतं. संध्याकाळी प्रेक्षकांसमोर काट्यावर उभं राहून, एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून जे चालतं तो नुसता सोहळा. तोवर पोरांनी पाणी पिऊन, जेवून घेतलेलं असतं. आकडा सकाळचा द्या, फोटो संध्याकाळचा लावला तर खाली तसं लिहा.