जुनी गादीची खुर्ची घेतली आहे, खरंच शंभर वर्षांची आहे का? आणि आत फोम घालू का?

खुर्चीवाली
नमस्कार मंडळी. सेकंडहँडमध्ये एक हातवाली गादीची खुर्ची उचलली. पाठ उंच, हात लाकडाचे, पाठीची गादी फ्रेमलाच ठोकलेली आणि बसायची गादी सुटी, काढता येते. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं की व्हिक्टोरियन आहे, शंभर वर्षांच्या वर. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही पण बसल्यावर पाठीला इतकं बरं वाटलं की पुढे काही विचारलंच नाही, घेऊन आले.

घरी आणून उलटी केली तर बसायच्या जागी आडव्या लांबलांब बारीक स्प्रिंगा, या बाजूच्या पट्टीपासून त्या बाजूच्या पट्टीपर्यंत ताणून अडकवलेल्या, त्यांच्यावर कापडाची नळी चढवलेली. मधली एक गायब आहे आणि तिथे कोणीतरी चक्क नायलॉनची दोरी बांधून ठेवली आहे. एक हात हलतो. गादी दाबली की आत कुरकुर होते आणि शिवणीतून पिवळी पूड पडते, जमीन झाडून झाडून वैतागले. कापड मरून रंगाचं, कडक झालेलं.

तर प्रश्न असे की ही खरंच किती जुनी, सगळं फाडून नवा फोम घालू का, आणि हलणाऱ्या हाताला एक खिळा मारला तर चालेल का? (नवरा हातोडी घेऊन तयारच बसलाय.)

पटाशी
ताई, आधी ती हातोडी लपवा. बाकी नंतर बघू.

खिळा मारला की सांधा दोन दिवस घट्ट वाटतो, मग खिळ्याच्या आजूबाजूचं लाकूड चिरतं आणि पुढच्या वेळी सांधा उघडायचा म्हटलं तर खिळा काढताना उरलेलं लाकूड पण जातं. हात हलतो म्हणजे बहुतेक आतल्या लाकडी खुंट्यांचा गोंद सुटलाय. जुन्या फर्निचरमध्ये बऱ्याचदा सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद) असतो, तो गरम पाण्याने मऊ पडतो आणि ही सोयच आहे, सांधा न तोडता उघडता येतो. चिमटीएवढा सुटा गोंद खरवडून त्यावर गरम पाण्याचा थेंब टाका, चिकट झाला तर सरस समजा. मग जुना गोंद पूर्ण साफ करा, अगदी भोकाच्या आतून सुद्धा, कारण नेहमीचा पांढरा गोंद जुन्या गोंदाच्या थरावर धरत नाही, त्याला उघडं लाकूड लागतं. लावून शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) रात्रभर ठेवा, आणि शिकंज्याखाली लाकडाचा तुकडा घाला नाहीतर हातावर कायमचा चंद्रकोरी वण राहील (माझ्या पहिल्या खुर्चीवर आहे, पाहुणे विचारतात).

आणि घरात आणलीच आहे तर भुंगा बघा. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली ताजा फिकट भुसा म्हणजे किडा अजून आत आहे. भोकं जुनी, काळवंडलेली आणि भुसा नाही, तर घाबरू नका. पाठीच्या शिवणींत ढेकणांचे काळे ठिपके आहेत का ते पण टॉर्च लावून बघून घ्या, हे सगळ्यात आधी करायचं असतं आणि सगळे सगळ्यात शेवटी करतात.

सुईदोरा
व्हिक्टोरियन नाही हो. व्हिक्टोरियन म्हणजे १८३७ ते १९०१. त्या काळच्या स्प्रिंगवाल्या खुर्चीत खाली तागाचे पट्टे विणलेले असतात, त्यावर उभ्या गोल स्प्रिंगा शिवलेल्या, त्या सुतळीने एकमेकींना चहूबाजूंनी बांधलेल्या, वर गोणपाट आणि त्यावर घोड्याचे केस नाहीतर काथ्या. तुमच्यासारख्या आडव्या ताणलेल्या स्प्रिंगा १९३० च्या दशकात खुर्च्यांत आल्या. पार्कर नॉल या ब्रिटिश कंपनीने त्या लोकप्रिय केल्या, तिच्या बघून इतरांनीही तशाच केल्या, त्यामुळे नुसत्या स्प्रिंगांवरून कंपनी ठरवू नका. पण पार्कर नॉलच्या खुर्च्यांवर बरेचदा लाकडावर मॉडेलचा नंबर ठोकलेला असतो, मागच्या पट्टीवर, गादी काढल्यावर दिसेल असा. धूळ पुसा आणि टॉर्च आडवा धरून बघा, समोरून उजेड मारला तर दबलेली अक्षरं दिसत नाहीत.

स्क्रू पण बघा. अधिक चिन्हासारखी खाच असलेले फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचे. पण एखादाच तसा असेल तर तो दुरुस्तीवाल्याने टाकलेला असू शकतो, सगळे तसे असतील तरच त्याच्यावर विसंबा. तेच कापडाचं. स्टेपलच्या पिना दिसल्या म्हणून नवी खुर्ची असं होत नाही, पिनांच्या खाली लाकडात चुकांची (छोट्या, चपट्या डोक्याच्या खिळ्यांची) जुनी भोकं असतील तर मूळ कापड चुकांनी ठोकलं होतं आणि नंतर कोणीतरी वरून बदललं.

पिवळी पूड म्हणजे रबराचा, लेटेक्सचा फोम म्हातारा झालाय. तुकड्याला खालून एकसारखी ओळीत भोकं असतील तर नक्की तोच. तो परत जिवंत होत नाही, टाकून द्या, हाताळताना मास्क लावा.

झटपट
एवढं कशाला? सगळं फाडायचं, खाली प्लायवूड ठोकायचं, वर ४० डेन्सिटीचा फोम, त्यावर रेक्झिन, एका रविवारात खुर्ची तयार. मी दोन केल्यात, कोणाला फरक कळला नाही.

सुईदोरा
@झटपट, बसणाऱ्याला कळतो. त्या स्प्रिंगा खाली जातात म्हणून ती गादी पातळ असते, तिथे प्लायवूड टाकलं की बसताना धप्पकन आपटायला होतं, मग जाड फोम घालावा लागतो, मग बसायची उंची वाढते आणि हात खाली राहतात, कोपर टेकतच नाही. ताईंना पाठीला जे बरं वाटलं ते या मापांमुळेच वाटलं.

सुट्या गादीत फोम घालायला माझी काहीच हरकत नाही, तिथे आधीही फोमच होता. जाडी मात्र जुन्या गादीच्या शिवणीची पट्टी मोजून ठरवा. पाठीच्या आत काय आहे ते बघितल्याशिवाय फेकू नका. चार धागे ओढून जाळून बघा, केस जळल्याचा वास आला तर ते घोड्याचे किंवा दुसऱ्या जनावराचे केस, दोरी जळल्यासारखा आला तर काथ्या. केस असतील तर धुऊन, वाळवून, हाताने पिंजून परत भरता येतात. मी एका पाठीचे केस पिंजायला बसले होते, संध्याकाळपर्यंत ढीग दुप्पट झाला आणि सगळ्या घराला तबेल्याचा वास, पण परत भरल्यावर अशी काही लवचिक पाठ झाली की बस्स.

आणि कापड फाडू नका, उसवा. प्रत्येक तुकड्यावर खडूने "वर", "डावा हात", "पाठ बाहेरून" असं लिहा आणि काढताना फोटो काढत जा, कारण तोच तुमचा नमुना आहे आणि लावताना बरोबर उलट क्रमाने जायचं असतं. मखमल घेणार असाल तर सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला, खाली, नाहीतर एकाच थानातलं कापड दोन रंगांचं दिसतं.

खुर्चीवाली
अपडेट!! भुंगा नाही, ढेकूण नाहीत. मरून कापडाच्या पिना काढायला एक आख्खी दुपार गेली, बोटं सोलवटली. खाली दुसरं कापड, हिरवं, त्याच्या चुका अजून जागच्या जागी होत्या. आणि हाताच्या खाली जिथे उजेड पोचत नाही तिथे हिरवा इतका गडद आहे की मला आधी वाटलं तिसरंच कापड आहे.

मागच्या पट्टीवर टॉर्च आडवा धरला तर "पी के" आणि पुढे आकडे, पॉलिशने अर्धे बुजलेले, पण आहे! म्हणजे पार्कर नॉलच ना? स्क्रू सगळे एका खाचेचे, फक्त हलणाऱ्या हाताला एक फिलिप्स. म्हणजे आधी पण कोणीतरी तोच हात दुरुस्त केलाय. पाठीत केस निघाले, जाळून बघितलं, नवरा खिडक्या उघडत फिरत होता.

आता दोन शंका. पॉलिश घासून काढू का? आणि एकच स्प्रिंग नवी टाकली तर चालेल?

पटाशी
अभिनंदन ताई, बऱ्यापैकी पार्कर नॉलच दिसतेय. तो आकडे असलेला भाग मात्र घासू नका!

पॉलिश कोणतं ते आधी बघा. न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन टेकवा, चिकट झालं तर लाखेचं पॉलिश, तसंच बोळ्याने परत चढवता येतं. स्पिरिटला दाद दिली नाही पण लॅकर थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी नुसता मळच निघाला तर लाकूड फक्त पुसा आणि मेण लावा, मी तरी तेवढंच करीन. हाताच्या टोकाला जिथे तळव्याने घासून लाकूड गुळगुळीत झालंय ते नवं करायला गेलात तर फार वाईट दिसेल.

सुईदोरा
स्प्रिंगा सगळ्या काढून एका ओळीत जमिनीवर ठेवा. लांबी कमीजास्त दिसली तर ताणल्या गेल्यात, मग सगळ्याच बदला, एकच नवी टाकली तर तेवढीच घट्ट राहते आणि मांडीला काठीसारखी लागते. माप घेताना स्प्रिंग न ताणता आकडीपासून आकडीपर्यंत. फ्रेमच्या अंतरापेक्षा ती आखूडच असणार, बसवताना पकडीने ओढावी लागते, डोळ्यांवर चष्मा लावा, निसटली तर सरळ तोंडावर येते. आणि कापडाची नळी परत चढवा, उघड्या स्प्रिंगा गादी कापतात आणि गंजाचे पट्टे उमटतात.

खुर्चीवाली
मांडल्या. आठपैकी तीन लांब झाल्यात, दोरीच्या शेजारच्या दोन आणि पुढची एक, त्यामुळे दोरीवाल्या जागेसकट नऊच्या नऊ नव्या घेते. हात सरसाने चिकटवून शिकंज्यात आहे, खाली लाकडाचा तुकडा घातलाय पटाशीदादा. नवऱ्याला केस पिंजायला बसवलंय. दोरी धुऊन ठेवली, रद्दी बांधायला झाली.