मदत हवी आहे : सोनोग्राफी यंत्राची स्वयंचाचणी ‘प्रोब ठीक’ म्हणते, पण प्रतिमेत काळी पट्टी दिसते

नमस्कार.

तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी बायोमेडिकल विभाग सांभाळतो. पोटाच्या आणि गरोदर स्त्रियांच्या तपासणीसाठी आम्ही जो कॉन्व्हेक्स प्रोब (अंगावर टेकवायचा, फुगीर तोंडाचा भाग) वापरतो, त्याच्याबद्दल मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. प्रोब 192 एलिमेंटचा (ध्वनिलहरी सोडणारे आणि ऐकणारे बारीक तुकडे) असून यंत्र 128 चॅनलचे (त्या तुकड्यांचे सिग्नल हाताळणाऱ्या वाटा) आहे. गेल्या काही आठवड्यांपासून प्रतिमेच्या वरच्या भागात, प्रोबवरील खुणेच्या बाजूने साधारण पाव अंतरावर, एक अरुंद काळी पट्टी दिसते. ती त्वचेलगत स्पष्ट असते आणि चारपाच सेंटीमीटर खोलीनंतर जवळपास विरून जाते.

जेल पूर्ण पुसून, भिंग (प्रोबच्या तोंडावरचा रबरी थर) कोरडे करून प्रोब नुसता हवेत धरला, तेव्हा पडद्यावर नेहमीप्रमाणे एकाखाली एक समांतर कमानी उमटल्या. मात्र त्याच जागी प्रत्येक कमान तुटलेली होती. दुसऱ्या पोर्टला प्रोब जोडून पाहिला, तरी फरक पडला नाही. असे असूनही यंत्र सुरू होताना होणारी स्वयंचाचणी निर्वेध पार पडते आणि सर्व्हिस मेनूतील प्रोबची चाचणीही ‘पास’ असाच निकाल देते. देखभालीचा करार असलेल्या कंपनीचे म्हणणे असे, की चाचणी पास असेल तर प्रोब सदोष मानता येणार नाही आणि म्हणून तो करारात बदलूनही मिळणार नाही.

माझे प्रश्न असे : ही स्वयंचाचणी नेमके काय तपासते? दोष प्रोबचा आहे की यंत्राच्या चॅनलचा, हे महागडे उपकरण न वापरता खात्रीने कसे ठरवावे? आणि असा प्रोब तोवर वापरात ठेवणे कितपत योग्य आहे?

प्रतिसाद १ (निवृत्त सेवा अभियंता)

आपण ज्यांना एकाच नावाने ओळखता, त्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. यंत्र सुरू होताना जी होते ती मुख्यतः यंत्राचीच : वीजपुरवठ्याची व्होल्टेज, बोर्ड, मेमरी आणि फार तर प्रोबच्या कनेक्टरमधील चिपवरून त्याची ओळख वाचणे. एलिमेंटशी तिचा संबंध नसतो, त्यामुळे तिच्या निकालाला आपल्या वादात काहीच वजन नाही.

सर्व्हिस मेनूतील चाचणी मात्र खरोखर एलिमेंटची असते. प्रोब हवेत असताना यंत्र एकेका एलिमेंटला स्वतंत्र पल्स देते, भिंग आणि हवा यांच्या सीमेवरून परतणारा प्रतिध्वनी त्याच एलिमेंटवर ऐकते आणि त्याची उंची ठरलेल्या मर्यादेशी ताडून पाहते. इथे तीन फटी राहतात. मर्यादा सैल ठेवलेली असेल, तर निम्म्या ताकदीचे एलिमेंटही पास होते. तुलना त्याच प्रोबच्या सरासरीशी होत असेल, तर सगळे भिंग सारखेच सुटू लागले तरी यंत्राला ते कळत नाही. आणि चाचणी त्या क्षणापुरती असते; केबल टेबलावर सरळ पडलेली असताना जी तार जोडलेली राहते, ती डॉक्टरांच्या हातात केबल वळली की तुटू शकते. ‘पास’ या शब्दावर न थांबता प्रत्येक एलिमेंटचा आलेख किंवा आकडे मिळतात का, ते पाहावे. बऱ्याच यंत्रांत ते पासवर्डमागे असतात, पण करार असताना कंपनीकडे ते मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आता चॅनल की प्रोब. पोर्ट बदलणे पुरेसे नाही, कारण सगळी पोर्टे शेवटी त्याच चॅनलांकडे जातात. आपल्या यंत्रात 192 एलिमेंट 128 चॅनलांवर बसवले आहेत, म्हणजे नेहमीच्या मांडणीत 1 ते 64 आणि 129 ते 192 या एलिमेंटना तेच चॅनल वाटून दिलेले असतात. आपली पट्टी पाव अंतरावर, म्हणजे अंदाजे 48व्या एलिमेंटपाशी आहे. तो चॅनल मेला असता, तर 176व्या एलिमेंटपाशी, दुसऱ्या कडेजवळ, तिची जोडीदार पट्टी दिसली असती. एकच पट्टी असेल, तर संशय प्रोबवर, केबलवर किंवा कनेक्टरच्या पिनेवर जातो. (पट्टी मधल्या तिसऱ्या भागात असती, तर ही युक्ती कामाची नव्हती.) त्याच यंत्राला दुसरा प्रोब लावून त्याच चॅनलची जागा पाहिली, की शंका उरत नाही.

हे पाहताना कंपाउंडिंग, हार्मोनिक आणि ठिपके गुळगुळीत करणारे फिल्टर बंद करा, पर्सिस्टन्स (मागच्या चित्रांची सरासरी मिसळणे) शून्यावर आणा, खोली कमीत कमी ठेवा आणि फोकस अगदी वर घ्या. या सोयी प्रतिमा देखणी करतात आणि दोष झाकतात. मग भिंगावर जेलचा अगदी पातळ थर देऊन, सरळ केलेल्या कागदाच्या क्लिपची तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू सरकवा. जिवंत एलिमेंटखाली प्रतिध्वनींची उभी माळ उमटते, मेलेल्या जागी ती विझते.

सर्वांत आधी मात्र प्रोब हवेत धरून, त्याच्या मानेजवळ, जिथे केबल शिरते त्या रबरी नळीपाशी, केबल चारही दिशांना वाकवून पाहा आणि काय घडले ते इथे कळवा.

प्रतिसाद २ (रेडिओलॉजिस्ट)

तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. पट्टी खोलवर विरते, याचा अर्थ तिथे नुकसान नाही असा नव्हे. जवळच्या भागात यंत्र थोडीच एलिमेंट वापरते, म्हणून एक मेले तरी डोळ्याला दिसते; खोलवर बरीच एलिमेंट मिळून एक बीम घडवतात, म्हणून दोष प्रतिमेत सगळीकडे पातळ पसरतो. बीमचा आकार बिघडतो, बाजूचे लोब (मुख्य दिशेबाहेर सांडणारी ध्वनिऊर्जा) वाढतात, डॉप्लरचा (रक्तप्रवाह मोजण्याच्या पद्धतीचा) सिग्नल क्षीण होतो. प्रतिमेवर डोळ्यांनी ठेवलेला विश्वास किती फसवा असू शकतो, हे स्वीडनमध्ये दिसून आले आहे : तिथल्या 32 रुग्णालयांत रोजच्या वापरात असलेले 676 प्रोब तपासले गेले तेव्हा 39.8 टक्के सदोष निघाले, आणि त्यांत भिंगाचे थर सुटणे व केबल तुटणे हे दोष सर्वाधिक होते. हा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला.

साध्या पोटाच्या तपासणीसाठी पर्याय नसेल, तर दोन दिशांनी पाहून काम चालवता येईल. नाळेतील डॉप्लर मात्र मी या प्रोबवर करणार नाही. भिंगाला चीर असेल किंवा ते फुगले असेल, तर प्रोब त्या क्षणी बाजूला ठेवावा. तिथे प्रश्न प्रतिमेचा नसून विजेच्या सुरक्षिततेचा आणि निर्जंतुकीकरणाचा आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व फिल्टर बंद करून पाहिले. दुसऱ्या कडेला जोडीदार पट्टी नाही आणि आमचा लिनिअर (सपाट तोंडाचा) प्रोब त्याच चॅनलांवर निर्दोष दिसतो. केबल मानेजवळ खुणेच्या बाजूला वाकवली, की पट्टी रुंद होते. उलट बाजूला वाकवून धरली, की तुटलेल्या कमानी जवळजवळ पूर्ण जुळतात. केबल उलट वाकवून सर्व्हिस मेनूतील चाचणी घेतली, तर निकाल ‘पास’. खुणेच्या बाजूला वाकवून घेतली, तेव्हा पहिल्यांदाच ‘फेल’ आला. दोन्ही निकालांच्या पडद्यांची छायाचित्रे आणि केबल वाकवतानाची चित्रफीत मी कंपनीला पत्रासोबत पाठवली आहे.

एक प्रश्न उरतो. केबल बदलून हाच प्रोब परत घ्यावा की बदली प्रोब मागावा? आमच्या नोंदणीच्या कागदांत यंत्राबरोबर प्रोबचे क्रमांकही आहेत.

प्रतिसाद ३ (निवृत्त सेवा अभियंता)

मग दोष तारेचाच, आणि तो मानेजवळ आहे. केबल बदलता येते, पण तिच्यातील केसासारख्या बारीक कोॲक्स (जाळीचे आवरण असलेल्या) तारा पुन्हा जोडणे हे कसबाचे काम आहे. कुणीही करतो म्हणाला म्हणून देऊ नका. दुरुस्तीनंतर प्रत्येक एलिमेंटच्या संवेदनशीलतेचा आणि कपॅसिटन्सचा (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचा) लेखी अहवाल मिळणार असेल, तरच तो मार्ग घ्या. प्रोब बदलला, तर क्रमांक बदलेल, म्हणून प्रोब हलवण्याआधीच पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या) कायद्याखालील समुचित प्राधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. नवा किंवा दुरुस्त प्रोब हातात आला, की पहिल्याच दिवशी हवेतल्या कमानींचे चित्र ठरलेल्या सेटिंगवर साठवून ठेवा. पुढच्या वेळी कंपनीशी बोलताना ते आपल्या उपयोगी पडेल.