अंडं दिलं आणि रात्री ताप चढला: ही अ‍ॅलर्जी समजायची का?

सानूचीआई:
मुलगी साडेनऊ महिन्यांची, वजन ८ किलो. सोमवारी सकाळी पहिल्यांदाच उकडलेल्या अंड्यातला अर्धा बलक मऊ भातात कालवून दिला. दिवसभर काही नाही. रात्री ११ला काखेत १०२. पुढे बुधवारपर्यंत १०१ ते १०३, औषधाने उतरायचा, परत चढायचा. गुरुवारी संध्याकाळी ताप गेला आणि शुक्रवारी पोट, पाठ, मानेवर बारीक गुलाबी पुरळ उठलं. खाजवत नाही, खेळतेय. गोवर-रुबेलाची लस अंड्याच्या आठ दिवस आधी झाली होती. सासूबाईंच्या मते अंडं उष्ण पडलं. अंडं बंद करायचं का? लॅबमध्ये फूड अ‍ॅलर्जीचं पॅनेल करून घेऊ का? आणि घरात पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स आणि सिरप दोन्ही आहेत, ८ किलोला नक्की किती?

बालरोग_ओपीडी:
अन्नाच्या अ‍ॅलर्जीने ताप येत नाही. नेहमीची अ‍ॅलर्जी खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते: गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, उलटी, खोकला, छातीत घरघर. गांधीही एका जागी टिकत नाहीत, इथल्या मावळतात आणि तिथे नव्या उठतात. तुम्ही सांगताय ते यातलं काहीच नाही.

ताप तीन-चार दिवस जोरात, मग एकदम गायब, आणि तो गेल्यावर अंगावर पुरळ, मूल मात्र खुशीत: हा रोझिओलाचा ठरलेला क्रम. सहा महिने ते दोन वर्षं या वयातला विषाणूचा ताप, पुरळ एक-दोन दिवसांत आपोआप जातं. दुसरी शक्यता लशीची. गोवरची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते, म्हणून तिचा ताप-पुरळ त्याच दिवशी न येता साधारण आठवड्याने येतं. तुमच्या तारखा त्यातही बसतात. खऱ्या गोवरात पुरळ कानामागून सुरू होतं, तेव्हा ताप चढलेलाच असतो, डोळे लाल आणि खोकला असतो.

तरी एकदा डॉक्टरांना दाखवाच. या वयात दोन-तीन दिवस नुसताच ताप असेल, विशेषतः मुलींमध्ये, तर लघवीची तपासणी हवी. लघवीचा संसर्ग असाच लपून राहतो. पुरळावर काचेचा पेला दाबून पाहा. दाबल्यावर डाग फिके झाले तर ठीक. तसेच लाल-जांभळे राहिले तर थांबू नका, थेट हॉस्पिटल.

पॅनेल करू नका. रक्तात आयजीई (अ‍ॅलर्जीशी जोडलेली अँटिबॉडी) सापडलं म्हणजे अ‍ॅलर्जी आहे असं होत नाही. अहवालात दूध, गहू, शेंगदाणा असं सगळं 'पॉझिटिव्ह' येतं आणि बाळाचं चांगलं अन्न विनाकारण बंद होतं. त्याचा मला फार राग येतो, कारण वजन तिथेच अडकतं.

औषधवाला_फार्मासिस्ट:
डोस वजनावर: एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅम. ८ किलो म्हणजे १२० मिलिग्रॅम. ड्रॉप्स बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतात, तर १.२ मिली. सिरप ५ मिलीत १२० असेल तर ५ मिली, ५ मिलीत २५० असेल तर २.४ मिली. लेबल दर वेळी वाचा. सिरपच्या सवयीने ड्रॉप्स ५ मिली पाजले तर ५०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपटीहून जास्त जातं, आणि त्याचा मार यकृतावर बसतो. ड्रॉपर एका बाटलीचा दुसरीला लावू नका, घरातला चमचा तर नकोच. दोन डोसांत किमान चार तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. मूल हसतं-खेळतं असेल तर फक्त आकडा बघून द्यायची गरज नाही. अ‍ॅस्पिरिन नाही. निमेसुलाइड या तापाच्या औषधावर १२ वर्षांखाली भारतात २०११पासून बंदी आहे.

सानूचीआई:
खूप आभार. मग अंडं पुन्हा कधी आणि कसं? बलक पचला म्हणजे अंडं चालतं असं धरू का?

बालरोग_ओपीडी:
नाही, तसं धरू नका. अ‍ॅलर्जी घडवणारी प्रथिनं मुख्यतः पांढऱ्यात असतात. ताप जाऊन, भूक पूर्ववत होऊन दोन-चार दिवस होऊ द्या. आजारपणात विषाणूमुळेही गांधी उठतात आणि नाव अंड्यावर जातं. अंडं १०-१२ मिनिटं कडक उकडा, हाफ-बॉइल नको. सकाळी, म्हणजे पुढचे तास तुम्ही जाग्या आणि दवाखाना उघडा. पांढरं मटाराच्या दाण्याएवढं, नीट कुस्करून, ओळखीच्या खिमटात. त्या दिवशी दुसरा कोणताही नवा पदार्थ नाही. दोन तास लक्ष ठेवा. काही झालं नाही तर पुढच्या वेळी दुप्पट, आणि एकदा जमलं की आठवड्यातून दोन-तीनदा द्या, मध्येच महिनाभर सोडू नका. तोंडाभोवतीच लालसर झालं तर ते बहुतेक लाळेचं, भरवण्याआधी थोडं तूप लावून बघा.

एक वेगळा प्रकार लक्षात असू द्या. खाल्ल्यावर एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या, मूल पांढरंफटक आणि मलूल, अंगावर मात्र काहीच नाही. हीसुद्धा अ‍ॅलर्जीच, आणि ती तांदूळ किंवा दुधानेही होते. लगेच हॉस्पिटल गाठा.

आवाज बसला, श्वास घरघरला, किंवा गांधींसोबत उलट्या होऊन मूल ढेपाळलं तर १०८ लावा. आडवं झोपवा, खांद्यावर उभं धरू नका. तिथे उपयोगाचं औषध मांडीत दिलेलं अ‍ॅड्रेनालिन. अ‍ॅलर्जीचं सिरप पाजून वाट बघण्यात वेळ घालवू नका.