भोसलेकालीन मोडी कागदांवरचं प्रकरण जर्नलला पाठवायचंय

महालकर_नागपूर:
पीएचडीच्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण नागपूरकर भोसल्यांच्या परगणेवार वसुलीवर आहे. शब्द 19,000, मोडी कागद साठेक. इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्टरी रिव्ह्यूसारख्या ठिकाणी इंग्रजीतून पाठवायचा विचार आहे. गाइड म्हणतात, आहे तसंच पाठव, बदल जर्नलवालेच सुचवतील. हे बरोबर आहे का? यूजीसी-केअरची, म्हणजे मान्य जर्नलांची, यादी अजून बघावी लागते का? आणि मोडी उतारे कसे द्यायचे?

रुमाल_पुडकं:
आहे तसं मुळीच पाठवू नका. परीक्षकापर्यंत जाण्याआधीच संपादक परत करतील. प्रकरणात पूर्वसूरींचा आढावा दहा पानं चालतो, लेखात तो दोन परिच्छेदांत उरकावा लागतो. आठ-दहा हजार शब्दांत एकच मुद्दा मांडा. साठ कागदांपैकी तो मुद्दा ज्यांच्यावर उभा आहे तेवढेच, बारा-पंधरा, ठेवा.

मुद्दा कोणता, हे आधी ठरवा. नागपूरच्या वसुलीवर लिहिणारा जो तो नागपूर दरबारातला कंपनीचा रेसिडेंट (प्रतिनिधी) जेंकिन्स याच्या 1827च्या अहवालावर टेकतो. पण तो कंपनीच्या अधिकाऱ्याचा अहवाल, आणि 1818 नंतर राज्याचा कारभार त्याच्याच हातात होता. आधीची व्यवस्था किती बिघडलेली होती हे सांगण्यात त्याचा फायदाच होता. तुमचे कागद 1818 पूर्वीचे असतील, तर अहवालातले आकडे त्यांच्याशी ताडून बघता येतील. नुसतं ‘अहवालाला दुजोरा मिळतो’ एवढंच निघत असेल तर लेख होत नाही भाऊ.

केअर यादी यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली. प्रबंधाआधी लेख छापून आलाच पाहिजे ही अट 2022च्या नियमांतच गेली होती. तरी विद्यापीठाचं ताजं परिपत्रक बघून घ्या, नोकरीच्या गुणांचा हिशेब वेगळा असतो.

मोडीवाचक:
उताऱ्यांपेक्षा जास्त लेख तारखांवर अडकतात. कागदावर ‘समान अशर मयातैन व अलफ’ असेल तर ते अरबी अंकशब्द आहेत: 8+10+200+1000, म्हणजे सुहूर सन (मराठी कागदांतली जुनी कालगणना) 1218. इसवी सन काढायला यात सरसकट 599 मिळवून 1817 लिहून मोकळे होतात, तिथेच चुकतं. सुहूर वर्ष जूनच्या सुरुवातीला, मृगाला बदलतं. त्या वर्षीचा मोहरम महिना नोव्हेंबर 1817 मध्ये येतो, आप्पासाहेब भोसले आणि इंग्रज यांच्यातली सीताबर्डीची लढाई त्याच महिन्यातली. पण जमादिलाखर महिना येतो एप्रिल 1818 मध्ये, तिथे 600 मिळवायचे. आप्पासाहेबांच्या बाबतीत या एका वर्षाने लढाईनंतरचा कागद आधीचा होतो. प्रत्येक तारीख जंत्रीत (तारखांच्या तक्त्यांच्या पुस्तकात) बघा आणि तळटीपेत मूळ मिती व इंग्रजी तारीख दोन्ही द्या.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ सहसा वेगळं दाखवत नाहीत. म्हणून लिप्यंतरात तुम्ही घातलेली वेलांटी हे तुमचं वाचन असतं, ते सुरुवातीच्या टिपेत एकदा सांगून टाका. फाटलेली, न लागलेली अक्षरं चौकोनी कंसात. संक्षेप उलगडलात तर तेही कंसात. युनिकोडमध्ये मोडी 2014 पासून आहे, पण छपाईच्या फाइलीत तिचे चौकोन होतात, तेव्हा रोमन लिप्यंतरच द्या आणि एखाद्या कागदाचं छायाचित्र जोडा. संदर्भात दप्तर, रुमाल, पुडकं (कागदांचे गठ्ठे), कागद क्रमांक, सगळं हवं. ‘पुणे पुराभिलेखागार’ एवढ्यावर कोणाला काय सापडणार?

तळटीप:
परीक्षकाला लेखक कळू नये म्हणून पाठवण्याआधी वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमधून नाव काढा, ‘माझ्या प्रबंधात दाखवल्याप्रमाणे’ सारखी वाक्यंही. प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) चढला असेल तर साम्य तपासणीत तुमचाच मजकूर तुमच्यावर उलटतो. यूजीसीच्या 2018च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांत 10 टक्के साम्यापर्यंत दंड नाही, पण संपादक टक्का बघून आधीच बिचकतो. प्रबंधावरून लेख केल्याचं संपादकाच्या पत्रात लिहा, लेखात नको. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. तीन दिवसांत ‘स्वीकारला, पैसे भरा’ असा मेल आला तर तिथून पळा.

महालकर_नागपूर:
आभार. मग उरलेल्या पंचेचाळीस कागदांचं काय करू?

मोडीवाचक:
ते पूर्ण उतारे टिपांसह मराठीत छापा. भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक किंवा आपल्याच विदर्भ संशोधन मंडळाचं वार्षिक. फक्त इंग्रजी लेखातला युक्तिवाद तिथे पुन्हा मांडू नका.