गप्पिष्ट पाककृती-पुस्तक आणि कधीच न चाखलेले जिन्नस

मुक्ता_क
भेट मिळालेलं एक पाककृतींचं पुस्तक सध्या ओट्यावर मुक्कामाला आहे. लेखिका मस्त गप्पा मारते. लसूण तेलात टाकायला सांगते आणि लगेच आजीच्या भांडणाची गोष्ट काढते; गोष्ट संपेतो लसूण करपायला येतो! साहित्याची यादी नाहीच, सगळं ओघात. ‘मिसो आवडेल तितका’ (म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली जपानी पेस्ट), ‘ताहिनी सैल होईस्तोवर पाणी’ (ही तिळाची पेस्ट), ‘खारवलेलं लिंबू जरासं’ (मिठात मुरवलेलं). अहो, जे जन्मात चाखलं नाही ते ‘आवडेल तितकं’ कसं ठरवायचं? ओळखीचा पदार्थ असेल तर मीठ कमी पडलंय हे मी वासावरून सांगेन. इथे जीभच कोरी. त्यात मिसो पांढराही आहे आणि लालही, पुस्तकात नुसतंच ‘मिसो’. व्हिडिओ सुचवू नका प्लीज, मला पुस्तकावरूनच करायचंय.

जुनी_कढई
मुक्ता, आधी जिन्नस नुसता चाख. नखाएवढा मिसो कोमट पाण्यात कालव आणि पी. पांढरा कमी मुरलेला, म्हणून गोडसर. लाल जास्त मुरलेला, खारट आणि उग्र. रंग दिला नसेल तर पांढरा घे, तो सहसा अंगावर येत नाही. दोन्हींत मीठ भरपूर असतं, तेव्हा वरचं मीठ अगदी शेवटी, तेही लागलं तर. आणि मिसो गॅस बंद केल्यावरच घाल. उकळला की वास उडतो.

रवीवाला
ताहिनीबद्दल सावध करतो. पहिलं चमचाभर पाणी पडलं की ती सैल व्हायच्या ऐवजी आवळते, गोळा होतो, चमचा उभा राहतो. लिंबू पिळलं तरी तेच. बिघडली समजून टाकू नका! थोडं थोडं पाणी घालत फेटत राहा. रंग फिकट होतो आणि एकदम मलईसारखी सुटते. ‘सैल होईस्तोवर’ म्हणजे तिथवर. लेखिकेने मधला गोळा सांगायला हवा होता, गोष्टींना जागा आहे तर!

मोजूनमापून
पुस्तक कुठलं छापलेलं आहे? ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा 20 मिलीचा, ब्रिटन-अमेरिकेत 15 चा. मिसोसारख्या खारट जिन्नसात हा फरक जाणवतो.

मुक्ता_क
ब्रिटिश आहे, म्हणजे 15. ताई, दोन्ही मिसो चाखले. लाल थेट नाकात गेला, पांढरा चक्क आवडला. रवीवाले, तुमचा गोळा आता माझ्या वाडग्यात आहे, फेटतेय. खारवलेल्या लिंबाचं कुणी सांगेल का? आख्खं चिरायचं?

जुनी_कढई
नाही गं. धुऊन घे, गर काढून टाक आणि साल अगदी बारीक चिर. खरी चव सालीतच असते. चौघांच्या पदार्थाला पाव लिंबाच्या सालीने सुरुवात कर, वाटलं तर वाढव.